वहिनींचं नाक आणि टाकीवाल्यांचे सदरे

आमच्या वहिनींच्या नाकाबद्दल मी जे सांगतो ते लोकांना खोटं वाटतं. वाटू दे. ज्यांच्या घरात तसं नाक नाही त्यांची अक्कल तरी किती धावणार. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच जेवणाला वहिनींनी घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "या भिंतीत काहीतरी मेलंय." दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, नव्या नवरीचा शब्द खाली कसा पडू द्यायचा म्हणून भिंत फोडली. विटांच्या मागे एक उंदीर बसला होता. मेलेला नव्हता, नुसता आजारी होता. आमच्याकडे बघून तोही ओशाळला. दोन दिवसांनी खरंच गेला, आणि तेव्हापासून या घरात वहिनींच्या नाकाविरुद्ध कोणी बोललेलं नाही. दादा तर शेवटपर्यंत बोलला नाही.

दूध नासायच्या आदल्या दिवशी वहिनी त्याच्याकडे बघून म्हणतात, "याच्या मनात काहीतरी आहे." पोस्टमन जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतो आणि वहिनी वर बसून सांगतात की याने कालचेच मोजे घातलेत. असं नाक घेऊन जन्माला आलेल्या बाईच्या नशिबी किळस सोडून दुसरं काय असणार? त्यांना दाराच्या मुठींची किळस येते, दुसऱ्याच्या कंगव्याची येते, ओल्या फडक्यांची येते, तोंड उघडं ठेवून चघळणाऱ्यांची तर इतकी येते की त्या खुर्ची फिरवून बसतात. माझीही येते. मी वरच्या मजल्यावर एकटा राहतो, बिनलग्नाचा, आणि जेवायला खाली येतो. ताटावर बसण्याआधी मला बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवावे लागतात आणि ते वहिनींना हुंगवावे लागतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सगळी गल्ली बघते.

आणि अशा घरात वहिनींच्या सूनबाईने व्हिनाइलचं काम आणलं.

बनियनवर, पिशवीवर, उशीच्या अभ्र्यावर रबरासारखी गुळगुळीत अक्षरं आणि चित्रं चिकटवलेली असतात ना, ती या व्हिनाइलची. रंगीत पातळ पापुद्रा असतो, त्याच्या एका अंगाला गोंद आणि दुसऱ्या अंगाला पारदर्शक प्लास्टिक. एक छोटं कटर असतं. त्याला कॉम्प्युटरवरून सांगितलं की ते कुरकुर करत अक्षरं कापतं, तीही उलटी, आरशात पाहावीत तशी. मग नको तेवढा भाग एका अणकुचीदार आकड्याने उचकटून काढायचा. सूनबाई त्याला 'निवडणं' म्हणायची. निवडून झालं की ते कपड्यावर पालथं ठेवायचं, वरून तापलेला प्रेस दाबायचा, गोंद वितळून धाग्यात शिरतो, आणि गार झालं की वरचं प्लास्टिक सोलून टाकायचं. सुरुवात उशांच्या अभ्र्यांपासून झाली. मग शेजारणींच्या पिशव्या आल्या, मग एप्रन आले, मग अख्ख्या गल्लीच्या टॉवेलांवर ज्याचं त्याचं नाव आलं. काम सुरेख करायची पोरगी. वहिनीही ते मान्य करायच्या, फक्त नाकाला रुमाल लावून.

भानगड होती ती निवडलेल्या कचऱ्याची. अक्षरांच्या पोटातले, अंकांच्या भोकांतले, ठिपक्यांच्या मधले ते गोंद लागलेले बारीक तुकडे. सूनबाई समोर डबी घेऊन बसायची, पण तुकडे डबीत कमी आणि जगात जास्त. ते बोटाला चिकटायचे, बोटावरून दाराच्या मुठीला, मुठीवरून दुसऱ्याच्या हाताला आणि त्या हातावरून पावाला. माझ्या टाचेवर एक निळा ठिपका आला तेव्हा मी डॉक्टरकडे जाऊन आलो. मांजराच्या शेपटीला सोनेरी स्वल्पविराम लागला आणि ते स्वतःचाच पाठलाग करत बारीक झालं. माझा पुतण्या, म्हणजे सूनबाईचा नवरा, लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो. त्याच्या पँटला वहिनींनी त्याच टेबलावर इस्त्री केली. इस्त्री उचलली तर बसायच्या जागी लाल चकाकता गोळा. इस्त्रीनेच बसवलेला, तो काय निघतोय. रस्त्यात चहाला उतरून तो टपरीकडे वळला की मागून येणाऱ्या गाड्या ब्रेक लावायच्या.

त्यात वास. प्रेस खाली बसला की खोलीत नवा बूट चुलीत पडल्यासारखा वास उठायचा, आणि तो जायचा नाही. पडद्यात बसायचा, पिठात बसायचा. वहिनी म्हणायच्या, "मला आता स्वप्नंसुद्धा प्लास्टिकची पडतात."

शेवटी एके दुपारी वहिनींच्या सूपमध्ये काहीतरी चमकलं. त्यांनी ते चमच्यावर घेतलं, उजेडात धरलं. गुलाबी चमकीचा एक तुकडा होता आणि त्याला एक लांब केस चिकटलेला होता. वहिनींनी चमचा बशीत ठेवला, बशी ताटात ठेवली आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"महिना संपायच्या आत हे यंत्र या घरातून जाईल," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी जाईन."

"कुठे जाल, वहिनी?" मी विचारलं.

"जिथे कोणी कशाला काही चिकटवत नाही तिथे."

सूनबाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती म्हणाली, "आई, मला तरी कुठे हौस आहे? बाहेर खोली मिळाली तर मी आजच नेते. कोणी रुमाल लावून समोर बसलं की माझी अक्षरं वाकडी बसतात. पण भाड्याने खोली घेतली तर कमाई सगळी घरमालकाच्या घशात. मग हे काम बंदच म्हणा ना."

"मी बंद म्हटलं नाही. बाहेर म्हटलं."

"बाहेर म्हणजे बंदच झालं."

हे असं होतं. खोली मिळाली तर सूनबाईचं काम टिकणार, नाही मिळाली तर महिनाअखेर कटर आणि प्रेस विकावे लागणार. दोघी त्यावर एकमेकींशी पुन्हा बोलल्या नाहीत. बोलायचं ते माझ्यामार्फत बोलत होत्या, म्हणजे मला दोन्हीकडून टोमणे.

अशात गणवेशवाला आला. चौकातलं मोठं दुकान त्याचं. शाळा, हॉटेलं, दवाखाने, सगळ्यांचे गणवेश तोच पुरवतो. माणूस जाडसर, हसरा आणि दिसेल त्याला हात लावणारा. तोंडात कायम काहीतरी चघळत असायचा, आणि बोलताना ते एका गालातून दुसऱ्या गालात जाताना दिसायचं. त्याने दारातच एक पोतं खाली टाकलं. पोतं पडलं तसा आतल्या खोलीत वहिनींचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

"अक्षरं लावता ना तुम्ही?" तो सूनबाईला म्हणाला. "हे टाकीवाल्यांचे सदरे. मैल्याच्या टाक्या उपसतात ना, ती कंपनी. कंपनीचं नाव बदललंय. नवे सदरे घ्यायला नको म्हणतात. पाठीवरचं जुनं नाव काढायचं, नवं लावायचं. धुतलेले आहेत सगळे."

"नाहीत," आतून वहिनी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?"

"धुतलेले नाहीत. नुसते बुडवलेत."

तो हसला. हसताना चघळलेलं सगळं दिसलं. सूनबाईने विचारलं, "तुमचा आधीचा माणूस का नाही करत?"

"त्याने पोतं उघडलं आणि गावी गेला."

"परत कधी येणार?"

"तसं काही बोलला नाही."

बोलता बोलता त्याने टेबलावरचा निवडायचा आकडा उचलला, सावकाश कानात घातला, डोळे मिटून फिरवला, टोकाला आलेलं नीट बघितलं, शर्टाला पुसलं आणि आकडा होता तिथे ठेवून दिला. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं. त्यांचा चेहरा मी दादा गेला तेव्हाही तसा पाहिला नव्हता.

"शुक्रवारी दुपारी येतो," तो म्हणाला. "काम झालेलं असलं आणि अक्षर धरलेलं असलं, तर दुकानामागची खोली तुमची. रस्त्याकडे खिडकी आहे, वीज आहे. भाडं नको, माझं सगळं अक्षरांचं काम तिथे बसून करायचं. अक्षर सुटलं तर मात्र मला दुसरं कोणी बघावं लागेल. टाकीवाले वाईट बोलतात हो."

तो गेल्यावर वहिनींनी चिमट्याने तो आकडा उचलून पातेल्यात उकळला. मग पातेलं टाकून दिलं.

सूनबाईने नाकात कापूस कोंबला आणि कामाला लागली. आधी जुनं नाव काढायचं होतं. आतून गरम वाफ द्यायची आणि अक्षर चिमट्याने ओढायचं, ते खपलीसारखं निघायचं, खाली गोंदाचा चिकट पिवळा डाग सोडून. हे नुसतं बघायला वाईट होतं. पण प्रेस तापला आणि पहिला सदरा त्याच्याखाली गेला तेव्हा खरं काय ते कळलं. गार असताना त्या कापडाने पोटात जे जे धरून ठेवलं होतं ते सगळं त्याने एकदम सोडलं. मी खोटं सांगत नाही, खिडकीवर एक माशी बसली होती, ती उठली, बाहेर गेली आणि बाहेरून तिने खिडकी ओढून घेतली. टाकीवाल्यांच्या सदऱ्यांतून टाकीचा वास येणार हे मी धरून चाललो होतो. पण टाकी ही वरवरची, तिच्याखाली माणूस होता. जुना घाम, तेल, ओला कुत्रा, बुरशी आलेलं चामडं.

वहिनी आपल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. दाराच्या फटीला त्यांनी टॉवेल लावला होता. तरी आतून एकेका सदऱ्यागणिक आवाज येत होता.

"हा कच्चा कांदा खातो."

"आई, नका ना सांगू," सूनबाई म्हणायची.

"मी सांगत नाही, मला कळतंय. याला ताप होता. अंगावरच सुकवलाय. शी."

थोड्या वेळाने: "हा बाप झालाय नुकताच. खांद्यावर पोराने दूध ओकलंय, आणि या माणसाने ते हाताने पुसलंय. हाताने."

संध्याकाळपर्यंत सगळी जुनी नावं निघाली. कंपनीचं नवं नाव लांबलचक होतं, त्यात 'स्वच्छ' दोनदा. त्यासाठी जाड, चांगल्या प्रतीचं पांढरं व्हिनाइल हवं होतं, आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एकाच दुकानात मिळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई बस पकडून तिकडे गेली. सदऱ्यांचा ढीग तिने वऱ्हांड्यात झाकून ठेवला होता.

झाकलेल्या गोष्टी वहिनींसाठी उघड्याच असतात. त्या बराच वेळ त्या ढिगासमोर उभ्या राहिल्या. मग रबरी हातमोजे चढवले, ढीग उचलला आणि वॉशिंग मशीनमध्ये घातला. साबणाने धुतले, परत धुतले, आणि तरी बाप झालेला माणूस जाईना म्हणून त्यांनी सुगंधी कंडिशनरची नवी बाटली उघडून अख्खी ओतली. कपडे लोण्यासारखे मऊ करणारं, फुलांच्या वासाचं. दुपारी सदरे गच्चीवर वाळत होते आणि खालून जाणारे लोक वर बघून लग्न कोणाचं म्हणून विचारत होते. वहिनींनी ते वाळवले, घड्या घातल्या, परत वऱ्हांड्यात होते तसे रचून झाकून ठेवले. त्या दिवशी त्या पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

सूनबाई आली. बस चुकली होती, पाय दुखत होते, आणि दुकानात त्या व्हिनाइलची एकच गुंडाळी शिल्लक होती. मोजून मापून बसवलं तर सगळ्या सदऱ्यांना पुरणार होती, थोडं उरणार होतं, जास्त नाही. तिने अक्षरं कापली, निवडली, प्रेस तापवला, नाकात ताजा कापूस घातला आणि पहिला सदरा घेतला. दाबला, गार केला, प्लास्टिकचं टोक धरून सोललं.

अक्षरं प्लास्टिकसोबत उठून आली. सदरा मागे कोराच राहिला.

तिने उष्णता वाढवली. पुन्हा दाबलं. 'स्वच्छ'मधला एक तुकडा धरला, बाकी सगळं आलं. दुसरा सदरा घेतला. तेच. तिसरा घेतला, त्यावर जास्त वेळ दाबलं, तर कड पिवळी पडली आणि मधलं तरीही सुटलं. तिने व्हिनाइलची गुंडाळी उलटसुलट करून पाहिली, बरोबर बाजू होती. प्रेसवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तो नाचला. मग ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

"मलाच येत नाही, काका," ती मला म्हणाली. "टॉवेलांवर नावं लावणं वेगळं आणि हे वेगळं."

एवढ्यात वहिनी बाहेर आल्या, रुमालाशिवाय. आज त्या खुशीत होत्या. "आता तरी माणसाने इथे उभं राहावंसं वाटतं," त्या म्हणाल्या. "फुलांच्या दुकानासारखं."

सूनबाईने नाकातला कापूस काढला. एक दीर्घ श्वास घेतला. मग सदरा उचलून त्यात तोंड खुपसलं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "कशात धुतलेत तुम्ही हे?"

वहिनींनी सांगितलं. बाटलीचं नावही सांगितलं, कौतुकाने.

"कंडिशनर लागलेल्या कापडाला व्हिनाइल धरत नाही, आई. त्याने धाग्यावर मेणासारखा थर बसतो. गोंद आत शिरतच नाही." सूनबाईचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकायला जास्त वाईट वाटलं. "उद्या दुपारी ते येणार. खोली गेली. तुम्हाला हवं तेच झालं, महिनाअखेरीला विकून टाकते सगळं."

वहिनींना यंत्र घराबाहेर हवं होतं, हे खरं. ते भंगारवाल्याच्या गाडीवरून जाणं आणि सूनबाईच्या स्वतःच्या खोलीत जाणं या दोन गोष्टींतला फरक त्यांना कळत होता, हेही खरं. त्या आत गेल्या आणि हातमोजे घालून बाहेर आल्या.

"सोड्याने निघेल?" त्यांनी विचारलं.

"गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि भरपूर खळबळणं. निघेल तेवढं निघेल."

वॉशिंग मशीनच्या पोटातही कंडिशनर बसलेलं, म्हणून ते वापरायचं नाही असं ठरलं. मग टब काढले. मी पाणी तापवत होतो, दोघी घुसळत होत्या. पाणी सुरुवातीला फुलांच्या वासाचं निघालं, मग राखाडी, मग असं काहीतरी की ज्याला रंगाचं नाव नाही. वर साय धरली होती. वहिनींच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला हात स्वच्छ नव्हता, तर त्या तशाच डोकं तिरकं धरून धूत राहिल्या. त्यांच्या तोंडून सारखं 'शी, शी' चाललं होतं, जणू बाळाला बसवलंय.

सकाळपर्यंत सदरे पंख्याखाली वाळले. सूनबाईने एक घेतला, लावलं, सोललं. धरलं. दुसरा घेतला, लावलं, सोललं. सुटलं. काही सदऱ्यांतून कंडिशनर गेलं होतं, काहींत दडून बसलं होतं, आणि वरून बघून सगळे सारखेच. आता व्हिनाइल जितके सदरे तितकंच उरलं होतं. एकही अक्षर वाया घालवून चालणार नव्हतं. सूनबाई म्हणाली, "कोरे कागद ठेवून सगळे आधी नुसतेच दाबते. उष्णतेने उरलेलं कागदात उतरेल. पण कोणत्यातलं गेलं आणि कोणत्यातलं नाही, हे कसं ओळखायचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी भिंतीकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मी काही म्हटलंच नाही," मी म्हणालो.

"तुमचं तोंड म्हणतंय, भाऊजी."

सूनबाईने कागद ठेवून एक सदरा दाबला, उचलला आणि वाफ निघत असलेला तो सदरा वहिनींसमोर धरला. नुसता धरून उभी राहिली, हात भाजत होते तरी.

वहिनींनी डोळे मिटले आणि नाक खाली नेलं. माणूस गार पाण्याच्या विहिरीत उडी मारण्याआधी करतो तसं तोंड केलं होतं त्यांनी.

"फुलं आहेत अजून," त्या म्हणाल्या. "कांद्याच्या मागे."

पुन्हा कागद, पुन्हा दाब, पुन्हा वाफ.

"आहेत. थोडी. काखेजवळ जास्त."

पुन्हा.

या वेळी वहिनींचं अख्खं अंग शहारलं. त्या दोन पावलं मागे सरल्या, तोंडावर हात ठेवला आणि कोरडा उमासा गिळला. "गेली फुलं. नुसती टाकी आहे आता. आणि तो माणूस. लाव."

सूनबाईने अक्षरं ठेवली, दाबली, गार केली, सोलली. एक काना, एक वेलांटी हलली नाही.

मग तसंच चाललं. सदरा जोवर सुगंधी तोवर निकामी, आणि वहिनींना मळमळलं की तयार. सूनबाई दाबायची, वहिनी हुंगायच्या. काही सदऱ्यांना एकदाच लागलं, काहींना चार चार वेळा. मी कागद बदलत होतो आणि बादली घेऊन तयार होतो. ती दोनदा लागली. मधे वहिनी जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या, पोस्टमनच्या मोज्यांकडे तोंड करून दोन श्वास घ्यायच्या आणि परत यायच्या. पोस्टमन म्हणाला की त्याला उगाचच मान मिळाल्यासारखं वाटलं.

शेवटचा सदरा त्या बाप झालेल्या माणसाचा निघाला. त्यातून फुलं काही केल्या जाईनात. वहिनींनी तो हातात घेतला, खांद्यावर नाक टेकवलं, अगदी टेकवलं, आणि तसंच धरून ठेवलं.

"दूध आलं," त्या म्हणाल्या. "नासकं. लाव लवकर."

गणवेशवाला दुपारी आला, चघळतच. सदरे टेबलावर रचलेले होते. त्याने वरचा उचलला, दोन्ही हातांनी ताणला, चुरगाळला, पुन्हा ताणला. अंगठा जिभेला लावून ओला केला आणि अक्षरांवर घासला. मग नखाने एक कोपरा खरवडला. सूनबाईची नजर त्याच्या नखाकडे होती, वहिनींचीही. मला वाटतं दोघींची कारणं वेगळी होती. अक्षर हललं नाही. त्याने मधला एक ओढून काढला, खालचा एक ओढून काढला. शेवटी एक स्वतःच्या अंगात चढवला आणि पाठ वाकवून, खांदे फिरवून पाहिलं.

"धरलंय," तो म्हणाला. "च्यायला, चांगलं धरलंय."

सूनबाईने टेबलाची कड सोडली.

त्याच्या काखेत आणखी एक गठ्ठा होता, कागदात बांधलेला. वहिनी त्याच्याजवळून जाताना थांबल्या. "याच्यावर काही लावू नका," त्या म्हणाल्या. "यात फुलं आहेत. आमच्यापेक्षा स्वस्तातली."

त्याचं चघळणं थांबलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं?"

"हे हॉटेलचे आहेत. आधीच्या माणसाने जाण्याआधी अक्षरं लावून दिले, आज परत आले, सगळी सुटून. आम्हाला काही कळेना. बघून कसं कळणार आम्हाला?" त्याने वहिनींकडे, मग त्यांच्या नाकाकडे निरखून पाहिलं. कापड पारखावं तसं. "खोली तुमची," तो सूनबाईला म्हणाला, "पण या पण येणार असतील तर. दिवसाला तासभर. गठ्ठे हुंगायला."

"मी तुमच्या दुकानात पाऊल टाकणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग मला विचार करावा लागेल."

सूनबाईचा चेहरा पडला. वहिनींना तो दिसला. त्यांनी त्या माणसाला नखापासून शेंडीपर्यंत न्याहाळलं.

"तोंडात आहे ते बाहेर थुंकून या," त्या म्हणाल्या. "गल्लीत नाही, गटारात. चूळ भरा. नळावर हात धुवा, कोपरापर्यंत. मग बोलू."

एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक, पण गेला. मी त्याला नळ दाखवला. परत येऊन त्याने ओले हात पुढे केले आणि वहिनींनी ते हुंगले.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "कानाला लावलेलं बोट राहिलंय."

सोमवारी प्रेस आणि कटर हातगाडीवर घालून आम्ही दुकानामागच्या खोलीत नेले. सूनबाईच्या हातात किल्ली होती आणि ती सारखी या हातातून त्या हातात घेत होती. खोली बरी होती. खिडकी खरंच रस्त्याकडे होती. कोपऱ्यात एक गादी होती, एकेकाळी पट्ट्यापट्ट्यांची असावी.

वहिनी त्या गादीपासून जमेल तितक्या दूर उभ्या राहिल्या. "इथे कोण झोपतं?"

"कोणी नाही," गणवेशवाला म्हणाला. "दुपारचा मी जरासा आडवा होतो."

"बूट घालून."

त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"आणि मासे खाऊन. या बाजूला तोंड करून." वहिनींनी रुमाल काढला. "गादी बाहेर."

"अहो, ती माझ्या वडिलांच्या वेळची आहे."

"तेही आहेत त्यात. बाहेर."

गादी बाहेर गेली. रस्त्याच्या कडेला ठेवली तर कुत्रं आलं, हुंगलं आणि पलीकडच्या फुटपाथने गेलं. कचऱ्याची गाडी आली, माणसाने गादीचं एक टोक उचललं, परत ठेवलं आणि ड्रायव्हरला पुढे घ्यायला सांगितलं. शेवटी गणवेशवाला तिच्यावरच बसून राहिला, आपल्याच दुकानाच्या पाठीमागे. आत प्रेस तापला होता, सूनबाईने हॉटेलवाल्यांचा पहिला सदरा कागदात दाबून उचलला होता, आणि उघड्या खिडकीतून वहिनींचा आवाज बाहेर येत होता.

"शी. लाव."